भाकरी फिरवतात, गाडी वळवतात, पान उलटतात: कोणते क्रियापद कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: बातम्यांत ‘पक्षाने भाकरी फिरवली’ असे वाचायला मिळते. घरात मात्र आपण भाकरी ‘उलटतो’, कोणी ‘परततो’, कोणी ‘पालटतो’. मग ‘फिरवणे’ बरोबर की ‘उलटणे’? आणि परदेशात वाढणारी मुलगी ‘बाबा, गाडी उलटव’, ‘आजीने लाडू वळवले’ असे बोलते, तेव्हा तिला वळणे, वळवणे, फिरवणे, उलटणे, पालटणे, परतणे आणि उलथणे यांतला फरक कसा समजावायचा?

आधी सरळ उत्तर. तव्यावरच्या भाकरीची वरची बाजू खाली करणे म्हणजे भाकरी उलटणे. परतणे आणि पालटणे हेही घराघरांत चालते आणि त्यांत चूक काही नाही. राजकारणातल्या वाक्प्रचारात मात्र ‘फिरवणे’च हवे, तिथे ‘पक्षाने भाकरी उलटली’ असे कोणी म्हणत नाही. मुलीची दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, पण दोन्ही चुका वेगवेगळ्या कारणांनी झाल्या आहेत. पहिलीत शब्दाची निवड चुकली, दुसरीत क्रियापदाचे रूप.

हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ करायला लावले की गोंधळ होतो. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारायची सवय लावावी: क्रिया झाल्यावर वस्तूचे नेमके काय बदलले? बाजू बदलली असेल तर उलटणे. जाण्याची दिशा बदलली असेल तर वळणे. वस्तू स्वतःभोवती किंवा कशावरून गोल, पुढेमागे गेली असेल तर फिरणे. निघाली होती तिथेच आली असेल तर परतणे. एकाच्या जागी दुसरे आले असेल तर पालटणे. आणि बुडापासून जोर लावून खालचे वर आणले असेल तर उलथणे. रोजच्या वापरातली बहुतेक वाक्ये एवढ्यावर सुटतात. जी सुटत नाहीत ती वाक्प्रचारांची असतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

क्रिकेटमधले उदाहरण मुलांना पटकन कळते. गोलंदाज चेंडूला फिरकी देतो, म्हणजे चेंडू हवेत स्वतःभोवती फिरत असतो. टप्पा पडल्यावर त्याची दिशा बदलते, तेव्हा आपण ‘चेंडू वळला’ म्हणतो. फिरतो तो चेंडू आणि वळतो तोही चेंडूच, पण दोन क्रिया निराळ्या आहेत. खेळपट्टी साथ देत नसेल तर चेंडू फिरतो खूप, पण वळत नाही. आणि हरत आलेला सामना एखाद्याने जिंकून दिला तर त्याने सामना ‘फिरवला’, ‘वळवला’ नव्हे.

भाकरीचे नेमके काय होते

ज्वारीची भाकरी परातीत कोरड्या पिठावर थापतात. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते आणि तिला लगेच पाण्याचा हात लावतात. तवा चांगला तापलेला असेल तर अर्ध्या-पाऊण मिनिटात ते पाणी आटत येते. पूर्ण सुकण्याआधी भाकरीची बाजू बदलायची असते, आणि हे झाले उलटणे. घाई केली तर ओले पीठ तव्याला चिकटते. उशीर केला तर वरचा थर वाळून त्याला भेगा जातात, वाफ त्यांतून निघून जाते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू जास्त वेळ, डाग पडेपर्यंत भाजतात. मग तवा उतरवून भाकरी थेट आचेवर धरतात, तेव्हा पहिली बाजू जाळाकडे असते.

या सगळ्यात दुसरीही एक हालचाल आहे. आच सगळीकडे सारखी लागत नाही, म्हणून दुसरी बाजू भाजताना भाकरी तव्यावरच बोटांनी गोल सरकवत राहावी लागते. चुलीवर तर भाकरी निखाऱ्यांसमोर उभी ठेवतात आणि कड सगळीकडून शेकली जावी म्हणून ती चाकासारखी थोडी थोडी फिरवतात. तिथे बाजू बदलत नाही, भाकरी आपल्या जागी गोल जाते. हे शब्दशः फिरवणे. म्हणजे स्वयंपाकघरात दोन्ही शब्द खरे आहेत आणि दोन वेगळ्या हालचालींना लागू आहेत. उलटायला उशीर झाला तर भाकरी फुगत नाही, फिरवायला विसरलो तर एकाच ठिकाणी करपते.

ज्या उपकरणाने भाकरी किंवा थालीपीठ उलटतात त्याचे नावही याच घराण्यातले आहे: उलथणे. ते नपुंसकलिंगी नाम आहे, म्हणून ‘उलथणं दे’, ‘उलथण्याने काढ’. कुठे त्याला कालथा म्हणतात, कुठे उचटणे, विदर्भात सराटा. धिरडे, घावन, थालीपीठ यांच्या बाबतीत ‘उलथण्याने उलटावे’ हेच वाक्य नेमके आहे. उलथणे खालून सारून वस्तू बुडापासून सोडवते, मग बाजू बदलते.

राजकारणात हाच शब्द का

‘भाकरी फिरवणे’ हा प्रयोग एका जुन्या कोड्याच्या आधाराने उभा आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? तिन्हींचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. काही ठिकाणी पानाऐवजी ‘विद्या का विसरली’ असे म्हणतात, अर्थ तोच, उजळणी केली नाही म्हणून. याच धाटणीचे कोडे हिंदीतही आहे, तिथे उत्तर ‘फेरा न था’ असे येते, आणि परंपरेने ते अमीर खुसरोच्या नावावर सांगितले जाते.

कोड्याची सगळी गंमत ‘फिरवणे’ या एका शब्दावर आहे. घोडा फिरवणे म्हणजे त्याला रोज रपेट देणे. तबेल्यात बांधून ठेवलेला घोडा ऐन वेळी अडतो. विड्याची पाने टोपलीत दाबून ठेवली तर आत ऊब धरते आणि एक सडलेले पान शेजारच्याला लागते, म्हणून ती वरखाली करून खराब पाने काढत राहावी लागते. भाकरीचे वर आलेच. इथे ‘उलटणे’ घातले तर भाकरी जमेल, घोडा कसा जमेल? त्यामुळे कोड्यात भाकरीलाही ‘फिरवणे’ लागले आणि वाक्प्रचारात तेच टिकले.

शरद पवारांच्या तोंडून हा शब्द राज्यभर गाजला तो २०२३ साली. एप्रिलमध्ये मुंबईत पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर त्यांनी भाकरी फिरवायची वेळ आल्याचे म्हटले. २ मे रोजी त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले आणि ५ मे रोजी तो निर्णय मागे घेतला. त्या दिवसांपासून हा प्रयोग बातम्यांत इतका आला की आता कुठल्याही बदलाला तो लावला जातो, आणि तिथेच तो बोथट होतो.

नेमका अर्थ पाहिला तर भाकरी फिरवणाऱ्याच्या हाती तवा असतो. म्हणजे बदल करणारा अधिकारपदावर असतो आणि बदल आपल्याच माणसांत करतो. भाकरी टाकून द्यायची नसते, करपू द्यायची नसते. म्हणून एखाद्या पक्षाने तीन वेळा निवडून आलेल्या आमदाराऐवजी नवा उमेदवार दिला तर ‘पक्षाने भाकरी फिरवली’ हे चपखल आहे. मतदारांनी सरकार पाडले तर ‘मतदारांनी भाकरी फिरवली’ असेही लिहितात, तवा मतदारांच्या हातात असतो असे मानून ते चालवून घेता येईल. पण विरोधकांनी आमदार फोडून सरकार पाडले, तर त्याला भाकरी फिरवणे म्हणणे साफ चूक आहे.

त्या जागी आपल्याकडे चांगले शब्द आहेत. मंत्री तेच आणि खाती इकडची तिकडे झाली तर खांदेपालट. पालखी किंवा कसलेही ओझे वाहताना खांदा बदलतात त्यावरून तो आला आहे: ओझे तेच, खांदा वेगळा. काही नवे आले, काही गेले तर फेरबदल. सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली तर सत्तापालट किंवा सत्तांतर. बळाने किंवा उठावाने राजवट घालवली तर ती उलथवली, उलथून टाकली. इथे ‘सरकार उलटवले’ असे लिहिलेले दिसते, ते मिळमिळीत वाटते, कारण बळाचा अर्थ ‘उलथणे’मध्येच आहे. आणि एकाच माणसाने कालची भूमिका आज सोडली तर घूमजाव केले, कोलांटउडी मारली. या प्रत्येकात बदलणारी गोष्ट वेगळी आहे, म्हणून एकाऐवजी दुसरा शब्द घातला की बातमीच बदलते.

वळणे आणि वळवणे

मुलीच्या ‘लाडू वळवले’ या वाक्याकडे येतो. सगळ्यांत जास्त चुका याच जोडीत होतात, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

शिकणाऱ्याला नियम असा सांगितलेला असतो की फिरणे अकर्मक आणि फिरवणे सकर्मक, तसेच वळणे अकर्मक आणि वळवणे सकर्मक. पहिली जोडी सरळ आहे: चाक फिरले, त्याने चाक फिरवले. दुसरी मात्र तशी नाही. ‘वळणे’ हे क्रियापद एकटेच अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘गाडी डावीकडे वळली’ हे अकर्मक. ‘आजीने लाडू वळले’ हे सकर्मक, आणि त्यात ‘व’ लागत नाही.

सकर्मक ‘वळणे’ म्हणजे हाताने गोल आकार किंवा पीळ देणे. लाडू वळतात, वाती वळतात, दोर वळतात, शेवया वळतात, मुठी वळतात. गुरे वळणे याचा अर्थ गुरे राखणे, चरायला नेऊन आवरून परत आणणे. ‘वळवणे’ म्हणजे निघालेल्या गोष्टीची दिशा बदलणे. गाडी वळवतात, मोर्चा वळवतात, लक्ष वळवतात. म्हणून ‘त्याने गुरे वळली’ आणि ‘त्याने गुरे वळवली’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात तो दिवसभर गुराखी होता. दुसऱ्यात गुरे कुणाच्या शेतात शिरत होती आणि त्याने त्यांचा रोख बदलला. ‘लाडू वळवले’ म्हटले तर लाडू कुठेतरी निघाले होते आणि त्यांना दुसऱ्या वाटेला लावले असा अर्थ होतो. मुलीला एवढे सांगितले तरी पुरेल: हाताने घडवायचे ते वळायचे, वाट बदलायची ते वळवायचे.

‘कळते पण वळत नाही’ यातले ‘वळणे’ अकर्मक आहे. समजलेले आचरणाकडे वळत नाही. ‘मुलगी आईच्या वळणावर गेली’, ‘अक्षराचे वळण चांगले आहे’ यांत वळण म्हणजे घडण, ढब. म्हणजे घडवण्याचा आणि दिशेचा असे दोन्ही अर्थ नामातही उतरले आहेत.

पाण्याच्या बाबतीत वळवणे आणि फिरवणे यांची गल्लत फार महागात पडते. कोयनेचे पाणी मुळात पूर्वेकडे, कृष्णेकडे जाणारे. ते सह्याद्रीतून बोगद्यांनी पश्चिमेला वळवले आहे, पोफळीच्या वीजगृहात त्यापासून वीज होते आणि मग ते वाशिष्ठी नदीत जाते. इथे ‘वळवले’ हा एकच शब्द बरोबर. ‘कोयनेचे पाणी फिरवले’ असे लिहिले तर वाचणारा दचकेल, कारण ‘पाणी फिरवणे’ म्हणजे केलेले काम वाया घालवणे: वर्षभराच्या मेहनतीवर अवकाळीने पाणी फिरवले. पाणी सोडणे म्हणजे आशा किंवा हक्क सोडणे, ते आणखी निराळे.

पैशाच्या व्यवहारातही तीन रूपे नीट वेगळी ठेवावीत. निधी वळवला म्हणजे एका कामासाठीचा पैसा दुसऱ्या कामाला लावला, त्यात बहुधा ठपका असतो. रक्कम वळती केली म्हणजे खात्यातून कापून घेतली किंवा येणे-देणे एकमेकांत भागवले: कर्जाचा हप्ता पगारातून वळता करतात. यात ठपका नाही, हा हिशेबाचा शब्द आहे. पैसा फिरवला म्हणजे भांडवल गुंतवून, काढून, पुन्हा गुंतवले. ‘संस्थेने ठेवी वळत्या केल्या’ आणि ‘संस्थेने ठेवी वळवल्या’ यांत कायदेशीर व्यवहार आणि गैरव्यवहार एवढे अंतर पडू शकते.

आणि ‘मन’ घ्या. मन वळवले म्हणजे समजावून राजी केले. मन फिरले म्हणजे आधी राजी होता, आता नाही. मन पालटले म्हणजे माणूस आतून बदलला. मतपरिवर्तन हा जड शब्द बहुतेक वेळा यांपैकीच एकाच्या जागी बसवलेला असतो, आणि मूळ शब्द ठेवला तर वाक्य जास्त स्पष्ट होते.

उलटणे

‘गाडी उलटव’ हे ऐकून बाबा का दचकले ते आता कळेल. गाडी उलटली म्हणजे चाके वर झाली, अपघात. बोलण्यात ‘पलटी झाली’ असेही म्हणतात. गल्लीत शिरायचे असेल तर ‘गाडी वळव’. आलो त्याच दिशेला तोंड करायचे असेल तर ‘गाडी फिरवून घे’ किंवा ‘वळवून घे’. तोंड न बदलता मागे न्यायची असेल तर ‘गाडी मागे घे’. रस्त्यावरच्या फलकावर ‘वाहतूक वळवली आहे’ असते, कारण तिथे दिशा बदलते, आणि ‘वळण रस्ता’ म्हणजे गावाबाहेरून काढलेला रस्ता.

उलटणे हेही ‘वळणे’सारखे दोन्ही बाजूंनी चालते. होडी उलटली, हे अकर्मक. तिने पान उलटले, हे सकर्मक. ‘उलटवले’ हे रूपही आहे आणि चुकीचे नाही, पण पान, भाकरी, पापड अशा साध्या वस्तूंना ‘उलटणे’ पुरते. ‘उलटवणे’ शोभते ते जिथे कुणी मुद्दाम प्रतिडाव केला तिथे: त्याने डाव उलटवला, आरोप तिच्यावरच उलटवला. स्वतःच फसला असेल तर ‘डाव उलटला’. एका ‘व’ने कर्ता हजर होतो किंवा नाहीसा होतो, आणि बातमी लिहिताना हे लक्षात ठेवावे लागते. ‘त्याच्यावरच आरोप उलटले’ यात उलटवणारा कोणी नाही.

हल्ल्याच्या बाबतीत परतणे आणि उलटणे यांतला फरक पाहा. हल्ला परतवून लावला म्हणजे शत्रू आला तसा मागे गेला. हल्ला उलटवला म्हणजे तो त्याच्याच अंगावर गेला. पहिल्यात बचाव आहे, दुसऱ्यात बचावापुढची चाल.

उलटण्याचा परिणाम ज्या स्थितीत होतो तिला वेगळे शब्द आहेत, ते नव्या पिढीच्या बोलण्यातून निसटत चालले आहेत. तोंड किंवा पोट खाली असेल तर पालथे किंवा उपडे, वर असेल तर उताणे. घासलेली भांडी उपडी घालतात, म्हणजे पाणी निथळते. बाळ पालथे पडते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात कारण त्या घड्यात काही जाणारच नाही. कापडाची बाजू असेल तर उलट आणि सुलट, विणकामात उलटा टाका आणि सुलटा टाका. या सगळ्यांना नुसते ‘उलटे’ म्हणणे म्हणजे पिशवीतली सगळी धान्ये एकत्र करण्यासारखे आहे. ‘बाळ उलटे झोपले’ म्हटले तर ते पोटावर झोपले की डोके पायांच्या जागी आले, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

उलटापालट आणि उलथापालथ हेही सारखे धरले जातात. कपाटातल्या वस्तूंचा क्रम बिघडला तर उलटापालट. भूकंप, युद्ध, मोठी मंदी यांनी सगळे मुळापासून हलले तर उलथापालथ. दुसऱ्या शब्दात ‘थ’ दोनदा आहे. ‘उलथापालट’ असे मधलेच रूप लिहिलेले आढळते, ते टाळावे.

कोर्टातल्या कागदांत ‘उलट’ आणि ‘फेर’ शेजारी शेजारी येतात. ज्या बाजूने साक्षीदार आणला तिचे वकील आधी सरतपासणी घेतात, मग समोरचे वकील उलटतपासणी, आणि गरज पडल्यास पहिले पुन्हा फेरतपासणी. ‘उलट’ म्हणजे विरुद्ध बाजूने, ‘फेर’ म्हणजे पुन्हा. हाच ‘फेर’ फेरमोजणी, फेरविचार, फेरनिवडणूक यांत आहे. साक्षीदाराने आधीचे सोडून वेगळे सांगितले तर त्याने साक्ष फिरवली, तो फितूर झाला. साक्ष ‘उलटली’ असे मात्र लिहू नये.

‘फेरफार’ या शब्दाकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. हिशेबात फेरफार केला म्हणजे लबाडी केली. पण जमिनीच्या कागदांत फेरफार ही रीतसर नोंद आहे. खरेदी, वारसा, वाटणी यांमुळे हक्क बदलला की तो गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत चढतो, आणि मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर येतो. शहरात वाढलेल्या माणसाने ‘जमिनीत फेरफार झाला’ ऐकून घाबरायचे कारण नसते.

फिरवणे: अर्थ प्रत्ययात असतो

‘फिरवणे’ हा शब्द सर्वांत जास्त ठिकाणी जातो, आणि त्याचा अर्थ बहुधा त्याआधीच्या प्रत्ययावर ठरतो. ‘यादीवरून नजर फिरवली’ म्हणजे भरभर पाहिले. ‘तिने नजर फिरवली’ म्हणजे पाहायचे टाळले. ‘पाठीवरून हात फिरवला’ यात माया आहे. ‘पावसाने पाठ फिरवली’ यात नाही. ‘-वरून’ असेल तर वस्तू पृष्ठभागावरून जाते: हात, ब्रश, इस्त्री. नुसते कर्म असेल तर ते तोंड, पाठ, शब्द, निर्णय असे काहीतरी दुसरीकडे होते. ‘-वर’ असेल तर पुष्कळदा नाश असतो: स्वप्नांवर बोळा फिरवला, पिकावर नांगर फिरवला.

शेतीच्या बातमीत यावरून घोटाळा होतो. रोटर म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायचे, माती भुसभुशीत करणारे यंत्र. ‘शेतात रोटर फिरवला’ ही रोजची मशागत. ‘उभ्या पिकात रोटर फिरवला’ ही भाव न मिळाल्याने किंवा रोग पडल्याने शेतकऱ्याने आपलेच पीक मोडल्याची बातमी. ‘उभ्या’ हा शब्द गाळला तर बातमीतले दुःखच गळते. दर हंगामात पीक बदलणे याला मात्र पिकांची फेरपालट म्हणतात: सोयाबीननंतर हरभरा, कपाशीनंतर दुसऱ्या वर्षी ज्वारी किंवा तूर. खताचा ढीग कुजवताना तो उलटतात किंवा वरखाली करतात, म्हणजे आतल्या थराला हवा लागते. ढीग ‘फिरवत’ नाहीत.

दिवस, ग्रह, नशीब यांना फिरणे लागले की बहुधा वाईटच होते: त्याचे दिवस फिरले, ग्रह फिरले. ‘दिवस पालटले’ म्हटले तर बरे दिवस आले. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ यातही तेच, आपलीच माणसे विरुद्ध जातात. हा कल पक्का नियम नाही, पण लिहिताना कानावर विश्वास ठेवावा. वाढदिवसाच्या शुभेच्छांत ‘तुझे दिवस फिरोत’ असे कोणी लिहिणार नाही.

फिरवणे आणि पिळणे यांतला फरक एका कसोटीने कळतो. वस्तूचे एक टोक घट्ट धरून दुसरे हलवले तर पिळणे: कपडे पिळतात, कान पिळतात. सगळी वस्तू एकत्र गोल गेली तर फिरवणे: किल्ली, स्क्रू, चाक. पिळताना सांधा दुखावला तर मुरगळणे: पाय मुरगळला. कड नक्षीने वळवून बंद केली तर मुरडणे: करंजीला मुरड घालतात, आणि त्यावरून इच्छेलाही मुरड घालतात.

परतणे दोन घरी राहते. घरी परतणे अकर्मक, कांदा परतणे सकर्मक. स्वयंपाकात परतणे म्हणजे थोड्या तेलातुपात बारीक चिरलेली किंवा दाणेदार वस्तू हलवत राहणे, म्हणजे प्रत्येक दाण्याची बाजू बदलत राहते. पातळ पदार्थ ढवळतात, कोरडी गोष्ट भाजतात, भरपूर तेलात तळतात. पाककृती लिहिताना ‘कांदा परतवून घ्या’ असे नको, ‘परतून घ्या’ पुरे. ‘परतवणे’ हल्ल्यासाठी राखून ठेवावे, आणि उसने आणलेले ‘परत करावे’.

राहिला प्रश्न नोटिशीतल्या भाषेचा. ‘मुदत उलटली’ आणि ‘मुदत संपली’ यांत फरक आहे. संपली म्हणजे त्या क्षणी पूर्ण झाली, उलटली म्हणजे संपून पुढे काळ गेला. म्हणून ‘मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा’ आणि ‘मुदत उलटून गेल्यावर आलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही’ अशी दोन वाक्ये दोन शब्दांनी लिहावीत. वयालाही हेच: साठी उलटली म्हणजे एकसष्टच काय, पासष्टही असू शकतात. ‘मुदत उलटवली’ हे रूप मराठीत नाही, कारण काळाला उलटवणारा कोणी नसतो. मुदत उलटू दिली, असे लिहावे.